मूल ते गडचिरोली, फस्ट क्लास

“त्या बाईले देना वाचाले. इंग्रजी शाळेची हाये थे.”

“वाचन हो. पन बोलन का?”

पहिलं वाक्य आमच्या बसचे ड्रायव्हर हबीबभाई यांचं, दुसरं कंडक्टर लटारीभाऊंचं. आणि ‘थे बाई’ म्हणजे मी. त्यांच्यामागे दोनच बाकं सोडून, बाहेरच्या धानाकडे पाहत, काही ऐकलंच नाही असा चेहरा करून बसलेली. लटारीभाऊंच्या हातात प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला एक कागद होता. त्या कागदाकडे येण्याआधी लटारीभाऊंबद्दल सांगायला हवं, नाहीतर तो कागद कोणाला कळायचा नाही.

लटारीभाऊ निकुरे सकाळी सव्वासातच्या मूल–गडचिरोली गाडीचे कंडक्टर होते आणि त्या लाल गाडीला ते बोट म्हणत. थट्टेनं नव्हे. “बोट सुटून राह्यली! चढा जी, चढा!” असं ते मूलच्या स्टँडवर ओरडले की नवा माणूस चपापून आजूबाजूला पाणी शोधायचा. हबीबभाई कप्तान. लटारीभाऊ स्वतः स्टुअर्ड. टप म्हणजे वरचा डेक. सावली हे एक बंदर, व्याहाड हे दुसरं, आणि त्यानंतर वैनगंगेचा पूल आला की ते दोन्ही हात पसरून जाहीर करत, “अटलांटिक!” मग पार्बताबाई नावाची म्हातारी अटलांटिकला हात जोडायची आणि खिडकीतून दहा पैसे टाकायची.

हे सगळं एका पुस्तकातून आलं होतं. कधीतरी गाडीत कोणी एक गठ्ठा विसरून गेलं, तो डेपोत पडून राहिला, न्यायला कोणी आलं नाही, आणि शेवटी रद्दीत निघाला तेव्हा लटारीभाऊंनी त्यातलं एक पातळसं पुस्तक ठेवून घेतलं. इंग्लंडहून न्यूयॉर्कला जाणाऱ्या आगबोटीच्या पहिल्या वर्गातल्या प्रवाशांसाठी छापलेलं. सत्तर-पंच्याहत्तर वर्षांपूर्वीचं तरी असेल. चित्रांतल्या बायांच्या डोक्यावर सुपाएवढ्या टोप्या होत्या. लटारीभाऊ सातवी शिकलेले, इंग्रजी अक्षर ओळखता यायचं नाही. पण सावलीचे एक गुरुजी रोज त्याच गाडीनं जायचे. त्यांनी सावली ते व्याहाड अशा हप्त्यांत दोन महिन्यांत ते पुस्तक मराठीत सांगून टाकलं आणि मग त्यांची बदली झाली. तशा बोटी आता राहिल्या नाहीत, सगळे विमानानं जातात, हे लटारीभाऊंना कोणी सांगितलं नसावं. किंवा सांगितलं असेल तर त्यांनी तिकीट फाडता फाडता ऐकलं नसावं.

त्या पुस्तकातलं एक वाक्य त्यांनी मनाला लावून घेतलं होतं. बोट सुटल्यापासून तासाभरात स्टुअर्डला प्रत्येक प्रवाशाचं नाव पाठ झालं पाहिजे. “फस्ट क्लास म्हंजे काय जी?” ते विचारायचे आणि उत्तराची वाट न पाहता सांगायचे, “गादी नाई, पंखा नाई. नाव मालूम पाह्यजे. ‘ओ बाई, सरका तिकडे’ हे आपल्या बोटीत चालनार नाई.”

तर पुस्तकातल्या त्या बोटीवर प्रवाशांच्या नावांची छापील यादी वाटत असत. श्रीमती अमुक आणि दासी. श्रीयुत तमुक, नोकर आणि कुत्रा. आमच्याकडे छापखाना नव्हता, म्हणून सावली गेलं की लटारीभाऊ मधल्या दांडीला धरून उभे राहत आणि खड्या आवाजात यादी म्हणत. “श्रीमती पार्बताबाई शेंडे आनि दोन कोंबड्या! श्री. वाटगुरे मास्तर, सायकल वरच्या डेकवर! श्रीमती सीताबाई आनि सात टोपल्या! श्री. अब्दुलभाई लोहार, भाता आनि सासरे!” अब्दुलभाईंचे सासरे यादीत भात्यानंतर येण्याबद्दल एकदा रुसले. दुसऱ्या दिवशी क्रम बदलला.

बोटीवर अकरा वाजता डेकवर बसलेल्यांना गरम सूप देत. सूप म्हणजे काय, हे त्यांनी गुरुजींना विचारलं होतं. गुरुजी म्हणाले, हाडं उकळलेलं पाणी. लटारीभाऊ माळकरी. त्यांनी व्याहाडच्या पोहेवाल्याशी बोलून त्याऐवजी चण्याची तर्री ठरवली. गाडी थांबली की पोहेवाला किटली घेऊन खिडक्यांपाशी यायचा आणि ज्याला हवं त्याला अर्धा ग्लास ऊन ऊन तर्री मिळायची. सकाळी साडेआठला. अर्धी बोट डोळे पुसत अटलांटिक ओलांडायची.

आणि कप्तानाचं टेबल. बोटीवर कप्तानाबरोबर जेवायला बसणं हा मोठा मान. आमच्याकडे हबीबभाईंच्या मागचं बाक हे ते टेबल. रोज एकेकाचा नंबर. एकदा एक मोठे अधिकारी सरळ येऊन तिथे बसले. लटारीभाऊ अदबीनं वाकून म्हणाले, “साहेब, आज सीताबाईंचा नंबर हाये. तुमचा शुक्रवारी लावतो.” साहेब फणफणत सावलीपर्यंत उभे राहिले. पण शुक्रवारी कडक इस्त्रीचा सदरा घालून आले, आणि उतरताना हबीबभाईंशी हात मिळवून गेले.

संध्याकाळच्या परतीच्या गाडीत लटारीभाऊ दुसरा खाकी शर्ट घालत. तसाच खाकी, तसाच बिल्ला, फक्त धुतलेला. बोटीवर रात्रीच्या जेवणाला कपडे बदलून यायचं असतं म्हणून. हबीबभाई म्हणायचे, “हमको तो दोनो एकच दिखता है.” तेच एकदा मला म्हणाले की लटारी सुट्टीच्या दिवशीही येतो, तिकीट काढतो आणि मागच्या बाकावर बसून गडचिरोलीला जाऊन परत येतो. बदली कंडक्टर यादी वाचत नाही. मग हा तोंडातल्या तोंडात वाचतो. मूलच्या बाजारामागे त्यांची एक खोली होती. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती.

आता माझं. मी नागपूरला नन्सच्या शाळेत शिकले. वडिलांची मूलला बदली झाली. गडचिरोलीचा नवा जिल्हा झाल्यामुळे तिथे रोज एखादी कचेरी उघडत होती, त्यातल्या एकीत मला टायपिस्टची जागा मिळाली. मराठी बोलले तर इंग्रजी शब्द मध्ये येतील अशी मला भीती वाटायची, आणि इंग्रजी बोलायला समोर कोणी नसायचं. म्हणून मी दोन्ही भाषांत गप्प राहायची.

पहिल्याच आठवड्यात तिकीट देताना लटारीभाऊंनी माझं नाव विचारून घेतलं. कशासाठी ते मला माहीत नव्हतं. सावली गेलं, ते उभे राहिले, कोंबड्या झाल्या, टोपल्या झाल्या, आणि मग आवाज आणखी चढवून ते म्हणाले, “कुमारी अरुणा रामटेके! एकट्या! सर्वायनं लक्ष ठेवा जी!”

आगबोटीच्या पुस्तकात एकट्या प्रवास करणाऱ्या स्त्रियांची विशेष काळजी घेण्याबद्दल एक कलम होतं, हे मला फार नंतर कळलं. त्या क्षणी मला फक्त पन्नास मानांचा आवाज ऐकू आला. माना वळायचा आवाज होतो. पार्बताबाईंनी विचारलं, “काऊन वं माय, लगन नाई झालं?” वाटगुरे मास्तरांनी काळजी म्हणून माझी खिडकी बंद केली.

गडचिरोलीला उतरले ती थेट स्टँडवरच्या कंट्रोलरच्या खोलीत गेले आणि तक्रारवही मागितली. पूर्ण पानभर इंग्रजी लिहिलं. शाळेतल्या सिस्टरनं वर्गात वाचून दाखवलं असतं असं इंग्रजी, तीन ठिकाणी अर्धविराम. नावाच्या जागी नुसतं ‘एक प्रवासी’ लिहिलं. अक्षर मात्र सुरेख आलं. कंट्रोलर त्या वेळी चहाला गेले होते.

दुसऱ्या दिवशी लटारीभाऊंनी यादी वाचली ती ‘एकट्या’ वगळून. माझ्या चेहऱ्यावरून त्यांना काहीतरी उमगलं असावं. मग दिवस गेले. पावसात पुलावर पाणी आलं आणि गाडी व्याहाडला चार तास अडकली, तेव्हा त्यांनी सगळ्यांना गाडीभोवती डेकवरचा फेरफटका मारायला लावला. छत्र्या धरून पन्नास माणसं आणि दोन कोंबड्या गोल गोल फिरत होती. मी पदरात तोंड लपवून हसले. कप्तानाच्या टेबलावर माझा नंबर दोनदा लागून गेला. आपण वहीत काय लिहिलं आहे, ते मी जवळजवळ विसरले होते.

आणि आता तो कागद. “वाचन हो. पन बोलन का?” म्हणून लटारीभाऊ माझ्या बाकापाशी आले, प्लास्टिक उलगडलं आणि कागद पुढे केला.

“अरुणाबाई, कोनीतरी आपल्या बोटीबद्दल इंग्रजीत लिवून गेलं जी. कंट्रोलरच्या वहीत. त्यायनं मले बलावून दाखवलं. मी म्हनलं, काय लिवलं? तं म्हने चांगलंच असन, इंग्रजीत कोनी शिव्या देते का? मी उतरवून घेतलं. दोन रविवार लागले.”

एकही इंग्रजी अक्षर न ओळखणाऱ्या माणसानं रांगोळी काढावी तसं माझं पान काढलं होतं. माझी वळणं, माझे जोड, माझे तिन्ही अर्धविराम.

“उद्या चंद्रपूरचे साहेब येऊन राह्यले वही पाहाले,” ते सांगत होते. “माझी बदली चंद्रपूरच्या तिकिटाच्या खिडकीवर लागली हाये. खिडकीतून मानसाचा फक्त हात दिसते जी. तोंड दिसत नाई. नाव तं कोन सांगते? रिटायर व्हाले दोन सालं राह्यली. म्या म्हनलं, साहेबाले हे पान दाखवीन, म्हनीन इंग्रजीवाले पॅसेंजर चांगलं नाव घेतात, ठेवा मले बोटीवर. फक्त याच्यात काय हाये थे मराठीत सांगा.”

मी कागद हातात धरून ठेवला. “अक्षर लागत नाही,” मी म्हणाले.

“असन जी,” ते लगेच म्हणाले. “मीच काढलं. माझंच चुकलं असन.”

दुसऱ्या दिवशी लटारीभाऊंनी संध्याकाळचा शर्ट सकाळीच घातला होता. गडचिरोली आलं, ते केसांवरून हात फिरवत कंट्रोलरच्या खोलीत गेले. मी कचेरीकडे निघायला हवं होतं. मी त्या खोलीच्या खिडकीबाहेर उभी राहिले. हबीबभाई दारात होते.

साहेबांनी चष्मा लावून वहीतलं पान मनातल्या मनात वाचलं. “हे तुम्ही कौतुक समजून दाखवता आहात?” त्यांनी विचारलं. आणि मग मराठी करत मोठ्यानं वाचलं. “‘सदर कंडक्टरनं माझं नाव, माझं अविवाहित असणं आणि मी एकटी असणं पन्नास अनोळखी माणसांसमोर ओरडून सांगितलं. प्रवाशांचा असा तमाशा करणारा माणूस या कामाला नालायक आहे.’”

लटारीभाऊंचं हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं, काढायचं विसरल्यासारखं. ‘एकटी’ हा शब्द आला तेव्हा त्यांची नजर खिडकीकडे गेली, माझ्यावर थांबली आणि लगेच खाली वळली.

“खाली नाव नाही,” साहेब म्हणाले. “पण ही रोज येणारीच बाई दिसते. कोण आहे, बोलवा तिला. तिनं समोर येऊन सांगितलं की विषय मिटला, तर मी इथेच वही बंद करतो, बदलीही थांबवतो. नाहीतर सोमवारपासून चंद्रपूर.”

“मालूम नाई साहेब.”

“नाव काय तिचं?”

“मालूम नाई जी. पन्नास चढतात, पन्नास उतरतात. कंडक्टर मानूस कोनाकोनाचं नाव ध्यानात ठेवन?”

हबीबभाईंनी दारातून वळून माझ्याकडे पाहिलं.

“पन बाईनं लिवलं थे बरोबर हाये,” लटारीभाऊ हळू म्हणाले. त्यांनी आपला प्लास्टिकमधला कागद घडी करून खिशात घातला. “एकटं असनं असं वरडून सांगाची गोष्ट नोहे. मले तं समजाले पाह्यजे होतं. मी बी घरी एकटाच राह्यतो.”

साहेबांनी पेनाचं टोपण काढलं.

मी खिडकीपासून दारापर्यंत चालत गेले. हबीबभाई बाजूला झाले. सगळे माझ्याकडे पाहत होते, आणि जो आवाज निघाला तो माझाच आहे हे मला जरा उशिरा कळलं.

“साहेब, ते मी लिहिलं. माझं नाव अरुणा रामटेके. वही इकडे द्या, मला अजून एक पान लिहायचं आहे. या वेळी मराठीत.”