खोपकर काकांची मोहोरबंद पाकिटं

समस्त डोंबिवलीकरांस गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, कोपर स्टेशनजवळच्या आमच्या धर्मादाय दवाखान्यातला वजनकाटा दर रविवारी सकाळी नऊ वाजता काटा होतो. तोवर तो नुसता पत्रा असतो.

हा चमत्कार खोपकर काका घडवतात. वजनमापे खात्यातून निवृत्त झालेले हे निरीक्षक पाच-पाच किलोची दोन लोखंडी वजनं कापडी पिशवीतून आणतात, काट्यावर ठेवतात आणि आकडा बरोबर दहा आला की घसा साफ करून म्हणतात, "आता चालू करा." एकदा आकडा जरासा कमी आला, तर त्यांनी तासभर वर्ग थांबवलेला. काट्याखाली अडकलेला बिस्किटाचा तुकडा सापडला, तो त्यांनी पुरावा म्हणून कागदात गुंडाळून ठेवला.

वर्ग लठ्ठ मुलांचा. ज्यांच्याकडे विमा नाही, मोठ्या हॉस्पिटलात जायची ऐपत नाही, अशा घरांसाठी आमच्या डॉक्टर बाईंनी तो सुरू केला. बारा रविवार, फुकट. मी केसपेपरच्या टेबलावर बसून विचारतो, "विमा आहे का?" आंबिवलीचे एक गृहस्थ म्हणाले, "आहे की. पण तो मी मेल्यावरचा."

बाईंचं म्हणणं असं, की पोराला एकट्याला पथ्य सांगून काही होत नाही. घरानंच जेवण बदलायला हवं. म्हणून घरातली मोठी माणसंही काट्यावर चढतात, आणि प्रत्येक घराला एक कागद मिळतो: रोज काय जेवलात, सोबत कोण बसलं होतं, टीव्ही चालू होता का. हे कागद तपासणं काकांकडे. त्यात त्यांना खात्यातल्या जुन्या दिवसांचा आनंद मिळतो.

"आजी, रात्री भात किती?"

"जराक."

"मापात बोला."

"टोपभर."

ही आजी मानपाड्याची, आगरी बोलणारी. शेती केव्हाच गेली, हातातले गोठ राहिले. मुलगा-सून एमआयडीसीत कामाला, त्यांना रविवारचीही सुट्टी नाही, म्हणून दहा वर्षांच्या सिद्धीला घेऊन आजीच यायची. पहिल्या रविवारी काट्यावर चढताना आजीनं गोठ काढले, गळसरी काढली आणि शेवटी तोंडातली कवळी काढून रुमालात ठेवली. काकांनी नोंद केली आणि बजावलं, "आता दर रविवारी असंच. वजन एका रीतीनं झालं पाहिजे." त्यानंतर प्रत्येक रविवारी आजी दात हातात धरून काट्यावर उभी राहायची.

सिद्धी मात्र चढेना. शाळेत वजनं झाली तेव्हा पीटीच्या सरांनी तिचा आकडा वर्गासमोर मोठ्यानं वाचला होता. तेव्हापासून वर्गात तिला नावानं कोणी हाक मारत नव्हतं, आकड्यानंच मारायचे. ती भिंतीला चिकटून उभी राहिली. आजी तिला दाराकडे ओढत म्हणाली, "नाय चरत तं सोर. जावया घरा." दोघी निघाल्या असत्या तर परत आल्या नसत्या.

काकांनी पिशवीतून लाख, मेणबत्ती आणि एक शिक्का काढला. हे सगळं ते रोज बरोबर बाळगतात की काय, हे मी अजून विचारलेलं नाही. म्हणाले, "आकडा मी एकटा पाहीन. कागदावर लिहीन, पाकिटात घालीन, मोहोर लावीन. तू हो म्हटल्याशिवाय डॉक्टरसुद्धा ते फोडणार नाहीत."

"आणि तुमचं?" सिद्धीनं विचारलं.

"माझंही तसंच. माझी पाकिटं तू म्हणशील तेव्हा फोडीन."

ती चढली, मागोमाग काकाही. डॉक्टर बाईंनी कपाळाला हात लावला, पण मानलं. बाराही रविवार दवाखान्यात लाखेचा वास. मी शेजारी चहा पीत गंमत बघायचो. दहाव्या रविवारी काका जिन्यात दोनदा पिशवी खाली ठेवून थांबले. पट्ट्याला त्यांनी खिळ्यानं नवं भोक पाडलेलं. मी म्हटलं, "काका, वर्ग तुम्हालाच लागू पडला." ते हसले.

बाराव्या रविवारी बाईंना आकडे हवे होते. बारा पाकिटं टेबलावर ठेवून सिद्धी म्हणाली, "आधी काकांची फोडा."

"माझी गरज नाही. माझा केसपेपरच नाही."

"काका, मापात बोला."

काकांनी शब्द दिला होता. ते एकेक मोहोर फोडत गेले आणि खात्यातल्या आवाजात वाचत गेले. बहात्तरला सुरुवात झाली, शेवटच्या पाकिटात त्रेसष्ट निघाले. "काका पहिले आले," कोणीतरी म्हणालं आणि मुलांनी टाळ्या वाजवल्या. डॉक्टर बाईंनी नाही वाजवल्या.

"काका, जेवता काय?"

काका कागद जुळवत राहिले. काकू गेल्याला वर्ष होत आलं होतं. आम्ही सगळे तेव्हा भेटून आलो होतो.

"सकाळी चहा असतो," ते म्हणाले. "एका माणसाच्या स्वयंपाकाचं माप मला येत नाही. उरतं. टाकवत नाही. म्हणून मग करत नाही."

सिद्धीनं आपली पाकिटं डॉक्टर बाईंकडे सरकवली. "माझी फोडा आता," ती हळूच म्हणाली. पण बाई काकांकडे बघत होत्या, आणि मी माझ्या चहाच्या कपाकडे.

शेवटच्या वजनासाठी चढलेली आजी काट्यावरून अजून उतरली नव्हती. दात तसेच हातात धरून ती बोळक्या तोंडानं, अख्ख्या दवाखान्याला ऐकू जाईल असं म्हणाली, "न एवऱ्या दिवसान याला कोनी जेवाला बस बोल्लाच नाय?"