एका पेशीत चार आजी-आजोबा

कुठलाही अवघड विषय माझ्या हाती द्या, मी तो पाण्याइतका पातळ करून देतो! जन्मभर लोकांच्या फजितीवर लिहून पोट भरलं, आता निवृत्त आहे. सोपं करून सांगणं हा माझ्या हातचा मळ.

त्यामुळे तोंडी परीक्षेच्या सकाळी नात मुसमुसत बसलेली दिसली तेव्हा मला जवळजवळ आनंदच झाला.

"अर्धसूत्री विभाजन डोक्यात शिरतच नाही, आजोबा! मागच्या खेपेला यावरच दांडी उडाली. आज उडाली तर वर्ष गेलं!"

"डोक्यात शिरत नाही? मग डोळ्यांतून घालू!"

व्याही, म्हणजे नातीचे नाना, आणि विहीणबाई मुक्कामाला होतेच. ते दोघं, माझी बायको आणि मी, असे आम्ही चौघं हॉलमध्ये रांगेत उभे राहिलो.

"हा हॉल म्हणजे पेशी! मी तुझ्या बाबांकडून आलेलं गुणसूत्र, व्याहीबुवा आईकडून आलेलं. विभाजनाआधी प्रत्येक गुणसूत्र आपली नक्कल काढतं आणि ती त्याला चिकटून राहते." मी मफलरने बायकोला कमरेशी बांधून घेतलं.

"नक्कल?" ही कडाडली. "मूळ प्रत मी! नक्कल तुम्ही!"

"एकदा बांधून घेतलं तेवढं पुरे नव्हतं का?" दुसऱ्या मफलरची गाठ मारत विहीणबाई पुटपुटल्या.

"आता दोन्ही गुणसूत्रं बिलगतात आणि आपापले तुकडे बदलतात! व्याहीबुवा, चष्मा काढा!"

त्यांचा चष्मा मी चढवला, माझा त्यांनी. माझ्या डोळ्यांपुढे हॉल डाळीच्या वरणासारखा पसरला.

"अय्या!" नात उडालीच. "म्हणून सख्खी भावंडंसुद्धा सारखी नसतात?"

"शाब्बास! पहिलं विभाजन! गुणसूत्रांनी फारकत घ्या!" आम्ही दोघं इकडे, ते दोघं तिकडे. "दुसरं विभाजन! नकला सुट्या!" मफलर सुटले. ही स्वयंपाकघरात, मी बाल्कनीत, विहीणबाई झोपायच्या खोलीत, व्याहीबुवा बाथरूममध्ये. "एका पेशीच्या चार, आणि प्रत्येकीत गुणसूत्रं निम्मी! दारं लावा!"

धाड! धाड! धाड! धाड!

"कळलं, आजोबा! सगळं कळलं!" नात टाळ्या पिटत होती. "निघते मी! माझा पांढरा कोट कुठाय?"

"बाथरूममध्ये वाळतोय," स्वयंपाकघरातून उत्तर आलं.

परीक्षा प्रयोगशाळेत होती, आणि कोटाशिवाय तिथं पाऊल टाकू देत नाहीत. आणि आमच्या बाथरूमची कडी आधी उचलायची, मग डावीकडे दाबायची, मग ओढायची. घरच्यांनाच जमतं. व्याहीबुवांना तर माझ्या चष्म्यातून कडीच दिसेना!

"उचला!" मी ओरडलो.

"काय उचलू? बादली?"

"कडी!"

आत बादली कलंडल्याचा आवाज आला. मी पेचकस आणायला धावलो.

"अहो, हा झारा आहे!" ही म्हणाली.

"नाना, दार राहू दे!" नात रडकुंडीला आली. "झडपेतून कोट टाका वरून!"

दारावरच्या झडपेतून आधी पायपुसणं आलं. मग माझी लुंगी. मग साबण, तो माझ्या टकलावर टप्पा घेऊन विहीणबाईंच्या ओंजळीत गेला.

"पांढरं टाका हो, पांढरं!" विहीणबाई गरजल्या.

"इथं सगळंच पांढरं दिसतंय!"

शेवटी कोट आला. ओलाचिंब! तो तसाच अंगात घालून नात जिन्यावरून पळाली. मी हताशपणे खुर्चीत बसलो. म्हणजे खुर्चीच्या शेजारी बसलो.

दुपारी ती नाचतच परतली. "पास! पैकीच्या पैकी!"

"मी म्हटलं नव्हतं?" माझी छाती फुगली. "काय विचारलं?"

"अर्धसूत्री विभाजन झालंच नाही तर काय होईल? मी म्हटलं, गुणसूत्रं निम्मी होणार नाहीत, म्हणजे दर पिढीला ती दुप्पट होत जातील."

"अगदी बरोबर!"

"बाई म्हणाल्या, घरातलं उदाहरण दे. मी म्हटलं, आमच्या घरी पुढच्या पिढीत दोन-दोन आजोबांइतका उत्साह एकाच माणसात आला असता. त्या एवढ्या हसल्या, आजोबा, की पुढचं काही विचारलंच नाही!"

ही हसली. विहीणबाई हसल्या. पण सगळ्यांत मोठं हसणं ऐकू आलं ते बाथरूममधून. सुतार सकाळपासून फोनवर "निघालोच" म्हणत होता.