झेनोनच्या तीन काचांच्या खिडक्या

"मेणबत्ती स्थिर धर, लेवको. तू हललास की ज्योत हलणार, आणि नाव माझ्या खिडकीचं खराब होणार."

लेवकोनं श्वास रोखून मेणबत्ती चौकटीच्या कोपऱ्यात नेली. ज्योत देवाच्या तसबिरीपुढं जळावी तशी सरळ उभी. झेनोननं मेव्हण्याच्या पाठीत थाप मारली.

"बाहेर उणे तीस! वारा असा की गाय उडून जावी. आणि इथं? हूं की चूं नाही!"

"झेनोन!" स्लावका स्वयंपाकघरातून ओरडली. "ती नाताळच्या पावात लावायची मेणबत्ती आहे. तिनं खिडक्या कसल्या तपासतोस?"

"अगं, देवालाही चांगलं काम बघायला आवडतं."

स्लावका पुन्हा चुलीकडं वळली. देवाचं नाव मध्ये आलं की तिचं बोलणं खुंटायचं, हे झेनोनला लग्नापासून ठाऊक होतं.

जुन्या खिडक्यांनी या जोडप्याचा अंत पाहिला होता. हिवाळ्यात आतून बर्फ धरायचा, बंद खिडकीचे पडदे हलायचे आणि स्लावका फटींत जुने टॉवेल कोंबत बसायची. या शरद ऋतूत झेनोननं मन घट्ट करून घरभर नव्या, तीन-तीन काचांच्या खिडक्या बसवून घेतल्या, आणि तेव्हापासून तो त्या तपासतच होता. नळीनं पाणी मारून झालं. गाल लावून झाला. गजराचं घड्याळ बाहेर ठेवून, आत कान देऊन बसून झालं. पोस्टमनला तर त्यानं हाताला धरून घरात आणलं होतं.

"ऐका. काही ऐकू येतंय?"

"नाही बुवा."

"तेच तर!"

बिचारा पोस्टमन त्यानंतर पत्रं शेजाऱ्यांकडं देऊन जाऊ लागला.

आज मात्र खरी परीक्षा होती. मॅनिटोबा प्रांतातल्या त्या लहानशा युक्रेनी वस्तीच्या गावात जुन्या पंचांगाचा, जानेवारीतला नाताळ पाळतात. त्या दिवशी दुपारपासून चर्चची गाणारी मंडळी घरोघर फिरते. खिडकीखाली उभं राहून गायचं आणि घरधन्यानं ते ऐकून दार उघडायचं. मंडळींनी दार वाजवायचं नाही की घंटी दाबायची नाही. देवाच्या जन्माची वार्ता आणणाऱ्यानं आगंतुकासारखं दार ठोठावू नये, अशी रीत. शेवटच्या घरी सगळे जेवायला थांबतात. हा मान आजवर कायम स्तेफाच्या घराला. स्तेफा झेनोन-स्लावकाच्या लेकीची बाप्तिस्म्यातली धर्ममाता, म्हणून दोघी नात्यानं एकमेकींच्या 'कुमा'. पण मानापानाच्या बाबतीत स्लावकाला ती सवतीहून जवळची.

यंदा फादरनी तो मान स्लावकाला दिला होता. नाताळच्या आधीचा उपवास तिनं दरवर्षीप्रमाणे मनोभावे केला, दुधाचा थेंब जिभेला लावला नाही. मात्र रोजच्या प्रार्थनेच्या शेवटी ती हळूच एक मागणं जोडायची. मंडळी आपल्या घरी पोटभर जेवोत, आणि स्तेफानं ते डोळ्यांनी बघावं.

म्हणून टेबलावर आता बिटाचं लालभडक सूप होतं, कोबीच्या पानांत गुंडाळलेला भात होता, आणि बटाटा भरून उकडलेल्या, करंज्यांसारख्या पिरोगींचा डोंगर कांद्याच्या फोडणीत चमकत होता. बाहेर अंधारून आलं. घरभर दिवे लागले आणि काचांत बाहेरच्या अंगणाऐवजी घरच दिसायला लागलं.

"कसे आले नाहीत अजून?" स्लावकानं तिसऱ्यांदा विचारलं.

"येतील गं. पेत्रो काकांचा आवाज नदीपलीकडं जातो. आले की कळेलच."

"दाजी," विनिपेग शहरातून सणाला आलेल्या लेवकोला शहरी शंका आली, "या खिडक्यांतून खरंच काही ऐकू येत नाही?"

झेनोन याच प्रश्नाची वाट बघत होता. तो मोठ्या खिडकीसमोर जाऊन छाती काढून उभा राहिला. काचेतल्या स्वतःच्या प्रतिबिंबाकडं त्यानं समाधानानं पाहिलं, कानामागं पंजा धरला, बराच वेळ ऐकलं, आणि मग सावकाश, डावीकडून उजवीकडं मान हलवली. "काऽऽही नाही!" तो खदाखदा हसला. दिव्याचा उजेड काचेवर पडून ज्योत नीट दिसेना, म्हणून त्यानं सर्रकन पडदा ओढला आणि दुसऱ्या खिडकीकडं मेणबत्ती वळवली.

थोड्या वेळानं फोन वाजला. स्तेफाचा होता.

"स्लावका, एवढा कसला गं राग आमच्यावर?"

"राग? वाट बघून डोळे दुखले माझे! आहात कुठं तुम्ही?"

"माझ्या घरी. आणखी कुठं जाणार? तुझ्या खिडकीखाली तीन गाणी म्हटली, बाई. पेत्रो काकांच्या मिशांना बर्फ लोंबायला लागला. तुझा नवरा समोर उभा. आमच्याकडं बघितलं, कानाला हात लावला आणि मान हलवली. नको म्हणून! वर हसला. आणि मग पडदा ओढला."

स्लावकानं पडद्याकडं पाहिलं, मग नवऱ्याकडं.

"फादर म्हणाले, असेल काही अडचण," स्तेफाचा आवाज मधाळ झाला. "मी कशाला काय बोलू? कालचं सूप होतं, त्यात पाणी घालून गरम करतेय. देव बघतोय सगळं."

फोन ठेवून स्लावकानं अडखळत सगळं सांगितलं. झेनोनचे डोळे लकाकले.

"पेत्रो काका? तीन गाणी? आणि आत एक सूर नाही? लेवको, ऐकलंस का—"

"दाजी," लेवको कुजबुजला, "आत्ता गप्प बसा."

झेनोननं बायकोकडं पाहिलं. ती रडत नव्हती, ओरडत नव्हती. पिरोगींवर शांतपणे स्वच्छ फडकं झाकत होती, मयतावर पांघरूण घालावं तसं. बाहेरचं काही घरात ऐकू येऊ नये म्हणून त्यानं पैसे मोजले, आणि हे न बोललेलं मात्र कान फाडून ऐकू येत होतं.

"कोट घाल," ती म्हणाली.

"कुठं निघालो?"

"गायला. नाताळला खिडकीखाली गाणाऱ्याला कुणी परत पाठवत नाही. तू पाठवलंस, ते जाऊ दे. स्तेफा पाठवणार नाही."

"पण मला गाता येत नाही!"

"ते देवाला माहीत आहे. गावालाही कळू दे."

स्तेफाच्या खिडकीखाली बर्फात तिघं उभी राहिली. स्लावकानं सूर लावला, लेवकोनं ओठ हलवले आणि झेनोननं देवाचं नाव घेऊन तोंड उघडलं.

"कुणाचं वासरू सुटलंय का?" आतून पेत्रो काकांचा आवाज आला.

"बघ, त्यांचं बोलणं कसं बाहेर येतंय," झेनोन पुटपुटला. "फटी आहेत नुसत्या." स्लावकाचं कोपर त्याच्या बरगडीत बसलं आणि वरचा सूर आपोआप लागला.

दार उघडलं. स्तेफा शाल ओढून उभी होती, मागं सगळी मंडळी.

"आत या कुमा," ती म्हणाली.

"नाही. तुम्ही बाहेर या." स्लावकानं तिचा हात धरला. "आम्हाला ऐकूच आलं नाही गं, शपथ. यानं खिडक्या अशा बसवल्यात की देवदूत जरी आला तरी बाहेरच गारठेल. जेवण तुमच्या नावाचं केलंय. ते दुसऱ्या कुणाच्या घशाखाली उतरणार नाही."

स्तेफानं तिच्या तोंडाकडं पाहिलं. मग तिनं हसू दाबलं आणि शालीचं टोक गळ्याभोवती घेतलं. मागं पेत्रो काकांची टोपी केव्हाच डोक्यावर चढली होती. "सूप तसंही पातळच होतं," ते म्हणाले.

"पण रीत ती रीत," झेनोनच्या अंगणात पोचल्यावर पेत्रो काकांनी सगळ्यांना थांबवलं. "पहिल्यापासून म्हणू. खिडकीखाली."

आत स्लावका मोठ्या खिडकीपाशी गेली. "उघड."

झेनोनच्या तोंडचं पाणी पळालं. पाणी, वारा, आवाज, सगळं तपासलं होतं. पण बसवल्यापासून त्यानं एकही खिडकी उघडली नव्हती. "रबर बसलंय गं छान. या थंडीत हललं तर—"

"उघड, झेनोन."

त्यानं डोळे मिटून दांडा फिरवला. करकर नाही, कुरकुर नाही. तीन काचांचं ते अवजड तावदान लोण्यासारखं बाहेर सरकलं आणि अख्ख्या मॅनिटोबाची थंडी घरात शिरली. तिच्यासोबत गाणंही आलं. स्लावका हात जोडून उभी राहिली. झेनोन कोट-टोपीत कुडकुडत, खिडकीचा दांडा धरून, शेवटच्या कडव्यापर्यंत हलला नाही. गाल ओले झाले होते, ते त्यानं वाऱ्यावर ढकललं.

गाणं संपलं. पेत्रो काकांनी खालून खिडकी निरखली. "उघडते मात्र सुरेख हं!"

"एका बोटानं, काका!" झेनोनची छाती पुन्हा फुगली. "बंद करून परत दाखवू?"

"नको!" बाहेरची सगळी मंडळी एका सुरात ओरडली, आणि त्यातला स्तेफाचा आवाज सगळ्यांत वरचा होता.