जुनं कार्ड चालू झालं!

अख्ख्या दिंद्रुडात मेलेला कॉम्प्युटर जिवंत करू शकेल असं एकच माणूस होतं, आणि ते माणूस नववीत शिकत होतं. सुकन्या! निदान सुकन्याचं तरी तसं ठाम मत होतं.

कय्युमचाचांच्या दुकानातल्या भंगारातून तिनं पंचवीस वर्षांपूर्वीचं ग्राफिक्स कार्ड हुडकून काढलं होतं. तिच्याकडचा विमानांच्या लढाईचा जुना गेम नव्या कॉम्प्युटरला जुमानतच नव्हता. पडद्यावर चित्रं उमटवायला त्याला त्याच्याच वयाचं कार्ड लागायचं. त्यावर ऋतुजा भर वर्गात म्हणाली होती, "डबडं हाय ते! चालू झालं तर मला बोलव."

बस्स! आज शनिवार, शाळा सकाळची. लाईट पाचला जाणार. त्याच्या आत ऋतुजाचं तोंड बंद करायचंच!

चार वेळा पडद्यावर गोधडीसारख्या नुसत्या रेघा आल्या. पाचव्यांदा तिनं कार्डाचे सोनेरी दात खोडरबरानं घासले, कार्ड परत खोचलं आणि... निळंशार आभाळ! लालभडक विमान! आवाज तर असा, की गोठ्यातली म्हैस ताडकन उभी राहिली!

सुकन्या फोन घेऊन ओट्यावर धावली. "ऋतुजे, जुनं कार्ड चालू झालं! पळत ये, पाचपर्यंतच हाय!"

शेजारच्या रतनकाकू भांडी घासत होत्या. त्यांचं रेशनचं कार्ड वर्षापासून बंद. पातेलं तसंच टाकून त्या सुटल्या! बातमी गिरणीपर्यंत गेली तेव्हा जुन्या कार्डावर नुसता गहू होता. मोंढ्याच्या बाजारापर्यंत जाताजाता त्यात साखर मिसळली, आणि बसस्टँडवर तेलाचा डबाही आला!

अर्ध्या तासात दारात चाळीस माणसं! सुकन्याचा ऊर भरून आला. गेम बघायला एवढी गर्दी!

"रांगेत या! समद्यांना मिळंल!"

"अंगठा लावावा लागंल का गं?" रतनकाकूंनी विचारलं.

"अंगठ्यानं काय हुतंय काकू? दाही बोटं लागतेत!"

"आता दाही?" गहिनीनाथआबा हादरले. "बरं, माणशी किती?"

"माणशी तीन!"

"किलो?"

"न्हाई आबा, जीव!"

"आमच्या घरात सात जीव हायेत की! बाकीच्या चौघांनी काय खायचं?"

"गोळ्या!"

आबा मटकन खाली बसले. पोत्यावरच. तेव्हा कुठं सुकन्याची नजर पोत्याकडं गेली. मग मागच्या पोत्याकडं. मग त्याच्या मागच्या... बाप रे!

तिनं खरं ते सांगितलं.

"म्हंजी गहू न्हाई?" काकूंनी विचारलं.

"न्हाई."

"साखर?"

"विमान हाय."

"मग विमान तर दाखव! एवढी पळत आले ती काय उगंच?"

चाळीस माणसं एका खोलीत घुसली! काकूंनी तीन मिनिटांत तिन्ही जीव घालवले आणि आणखी मागितले. सुकन्याचे डोळे मात्र दाराकडं. पाचला दोन मिनिटं कमी, आणि ऋतुजाचा पत्ता नाही!

तेवढ्यात गर्दीतून घामाघूम ऋतुजा आत आली. काखेत दोन पोती, हातात पिवळं रेशनकार्ड.

"कावून एवढा उशीर?" सुकन्या किंचाळली.

"मघाच आलते की! तुझं डबडं चालू झालं हे काय खरं वाटत नव्हतं. रांग बघितली, मग कळलं तू कोणतं कार्ड म्हणतीस! तशीच घरी पळाले आणायला."

"अगं येडे, इकडं बघ! पडद्यावर बघ!"

ऋतुजानं मान वळवली.

टक्क! लाईट गेली.

ऋतुजानं काळ्या पडद्याकडं बघितलं, मग सुकन्याकडं.

"वाटप संपलं का गं?"