मगदूम अप्पांची बोट

आमच्या शेजारचे मगदूम अप्पा घरी आलेल्या माणसाला आधी पाणी देत नाहीत, आधी खांद्याला धरून ढकलतात. माणूस धडपडून सावरला की खूश होतात. "बघा! वजन खाली असलं की मानूस उलटत न्हाय."

कागलच्या एमआयडीसीत त्यांनी उभी हयात फायबरच्या टाक्या बनवल्या. निवृत्त झाल्यावर घरासमोरच्या अंगणात शिडाची बोट बांधली. समुद्र घाटाखाली, बोट कोल्हापुरात! नकाशा फायबरच्या अगदी सुरुवातीच्या काळातल्या बोटीचा. तेव्हा फायबरवर कुणाचा भरवसा नव्हता, म्हणून थरावर थर देऊन अंग जाडजूड करत. "भ्यालेली मानसं काम झ्याक करत्यात," अप्पा म्हणतात. खाली लांबलचक कणा, त्यात ओतलेलं शिसं. आत कितीही हिंदकळलं तरी सपाट राहणारी झुलती शेगडी. खोली इतकी अरुंद की हात पसरले की दोन्ही भिंती लागाव्यात, आणि भिंतींवर हातभर अंतरावर धरायला एकेक कडी. कड्या मात्र फार खाली. माझ्या बरगड्या दोनदा शेकल्या.

आणि ही बोट आमच्या सोसायटीच्या डोळ्यांत खुपली! दारासमोर पाच गाड्या लावणाऱ्या चेअरमननी नोटीस काढली : विनापरवाना बांधकाम, आठ दिवसांत हटवा. माझं डोकं फिरलं. मी पत्रक छापून घरोघरी वाटलं. मथळा : 'बोट हे वाहन आहे, बांधकाम नव्हे!'

चेअरमन हसले. "वाहन हाय व्हय? मग हलवून दावा की!"

इथेच गोची होती. अप्पांनी बोटीचा कणा खड्ड्यात उतरवून चहूबाजूंनी मुरूम ठोकला होता. डेक बरोबर घराच्या ओट्याच्या उंचीला आलेला, मध्ये एक फळी.

"अप्पा, उकरून काढू. मी पोरं आणतो."

"नगं."

"अहो, नाहीतर तोडतील ती!"

"ऱ्हाऊ दे म्हटलं न्हवं?"

मी संतापलो. ज्याच्यासाठी गावाशी भांडावं, तोच हातपाय गाळतो! उरलेली पत्रकं त्यांच्या बोटीतच टाकून यावीत म्हणून तरातरा फळी ओलांडून आत शिरलो.

शेगडीपाशी अक्का उभ्या होत्या. अप्पांच्या पत्नी. आजारपणात त्यांचा चालण्यातला तोल गेला तेव्हापासून दोन वर्षं मी त्यांना फक्त ओट्यावरच्या खुर्चीत पाहिलेलं. दोन माणसांनी धरल्याशिवाय घरात पाऊल टाकता येत नव्हतं. इथे त्या एका हातात चहाचा कप आणि दुसऱ्या हाताने एक कडी सोडून पुढची धरत माझ्याकडे चालत येत होत्या. कड्या बरोबर त्यांच्या खांद्याला लागत होत्या.

"सरक की पोरा," त्या म्हणाल्या. "वाट माजी हाय ही."

मी भिंतीला चिकटलो. त्या पुढे गेल्या, वळल्या, परत आल्या. चहा सांडला नाही.

बाहेर आलो तर अप्पा फळीवर बोटीकडे पाठ करून बसले होते.

"आत का नाही येत?"

"बघू नगंस म्हनती. तिला एकटीला चालायचं असतंय." मग हळूच, "घरात भित्ती लांब हायत रं."

मी तिथेच बसून पत्रकाचा मथळा खोडला आणि पेनाने नवा लिहिला : 'होय, हे बांधकाम आहे. आत माणूस चालतं. पाडून दाखवा.'

अप्पांनी तो दोनदा वाचला. मग उठले, आणि मला न ढकलता पाण्याचा तांब्या आणून दिला.