सदानंदराव मृदंगी व केतकीबाई यांचे लग्न परदरबारी शाबीत करावयास गेले त्याची हकिकत

सर्वांचे ऐकोन घेणाऱ्या आणि कोणापाशी दाखला न मागणाऱ्या श्रीहरीस दंडवत करोन, घडले तैसे येथे मांडिले असे. शके एकोणीसशे पंचेचाळीस, शोभकृत् नाम संवत्सर. उत्तर दिशेस बर्फाचे एक थोर राज्य. तेथील दरबारी ऐसा ठराव जाहला की, परमुलखीचे लोक लटकी लग्ने लावोन आत शिरतात, यास्तव ज्यास आपली स्त्री आणावयाची असेल त्याने ती खरीच आपली स्त्री हे आधी शाबीत करावे, मगच परवाना मिळेल. त्या राज्यात सदानंदराव मृदंगी पोटामागे गेले होते. मूळचे कृष्णाकाठचे, अनंतबुवा हरिदासांचे कीर्तनात साथ करीत, आणि बुवांची कन्या केतकीबाई टाळ धरोन मागे उभी राही. दोघांचा मेळ बुवांनी ओळखिला आणि एके दिवशी उत्तररंग आटोपोन, आरतीपूर्वी, देवासमोर दोघांचे गळ्यांत माळा घातल्या. मांडव नाही, वाजंत्री नाही, खिरापत मात्र साऱ्या गावास पोहोचली.

मग सदानंदराव त्या राज्यात लाकडाच्या कारखान्यात चाकरीस लागले, आणि चैत्रमासी रजेवर येऊन महिनाभर राहोन माघारी गेले, आणि ते गेलियावर केतकीबाईंस दिवस राहिल्याचे कळले. तीन मास भरेपर्यंत कोणापाशी वाच्यता करू नये ऐसी घरची रीत. बाईंची आई म्हणाली, "त्यांना सुद्धा आत्ता नको गं. तीन होऊ देत, मग तोंड भरून सांग." बाईंनी मानिले, आणि आषाढात, तिसरा सरता सरता, गर्भ गेला. आता सांगावे तर ज्या श्वासात आनंद सांगावा त्याच श्वासात दुःख सांगावे लागे, ते बाईंच्याने होईना. "एकटे आहेत तिकडे, जेवण टाकतील," ऐसे आईस बोलिल्या, आणि मोबाइलवर हसतमुखे म्हणत, "मी बरी आहे हो. तुम्ही जेवलात का?" आणि हरीची करणी ऐसी की त्याच आषाढात तिकडे यांत्रिक करवतीने सदानंदरावांच्या डाव्या हाताची दोन बोटे नेली. त्यांनीही मनी तोच विचार केला की बाई उगाच रडरडोन जीव आटवील, आणि ते म्हणत, "मी ठणठणीत! थंडी तेवढी हाडात शिरते." बाई म्हणत, "टेबलावर एक ठेका तरी धरा की, कान आसुसलेत." ते म्हणत, "इथल्या भिंती कागदाच्या गं, शेजारची म्हातारी काठी घेऊन येते!" आणि दोघे हसत. पडद्यावर मुख तेवढे दिसे, हात खाली राही.

मग मार्गशीर्षात वकिलातीचे बोलावणे आले की लग्नाच्या तसबिरी आणाव्या आणि जबानी द्यावी. तसबिरी चारच. बुवा म्हणाले, "कमी पडल्या तर अख्खा गाव उभा करतो. खिरापत खाल्लीय सगळ्यांनी, नाही म्हणतील तर ओकून टाका म्हणावं!" आणि लेकीस हसवोन गाडीत बसविले. वकिलातीच्या वैद्यास बाईंनी गर्भाचे खरे सांगितले होते, आणि कारखान्याच्या कागदात सदानंदरावांची जखम लिहिली होती. उभयतांस वाटले की हे दरबाराच्या पोटात राहील, घरी कशास येते?

मुलाखतीचा अंमलदार गोरा, शांत, वाईट नव्हे. संगे आपल्याकडील एक दुभाषीण. अंमलदाराने पुसिले, "पतीच्या अंगावर काही दुखापत?" बाई म्हणाल्या, "नाही. देवाच्या दयेने धड आहेत." दुभाषीण हळूच म्हणाली, "ताई, नीट आठवा." बाई म्हणाल्या, "आठवायचं काय त्यात? नवरा आहे माझा." तिकडे सदानंदरावांस दूरध्वनीवर पुसिले होते की पत्नी यंदा इस्पितळात होती काय, आणि त्यांनी उत्तर केले, "छे हो! शिंक आली तरी मला सांगते ती."

मग अंमलदाराने दोन्ही कागद शेजारी ठेविले आणि बोलिला की, आषाढात पतीची दोन बोटे गेली ते तुम्हांस ठाऊक नाही, आषाढात तुमचा गर्भ गेला ते आम्ही सांगेपर्यंत त्यांस ठाऊक नव्हते, एवढे दुःख जे एकमेकांस सांगत नाहीत त्यांस हा दरबार दांपत्य कैसे मानील? बाईंनी पुढील काही ऐकिले नाही. म्हणाल्या, "कुठली बोटं?" दुभाषीण म्हणाली, "ताई, आधी यांच्या प्रश्नाचं उत्तर द्या." बाई म्हणाल्या, "आधी सांगा. कुठली?" दुभाषिणीने कागद चाळिला, आणि मान खाली घालोन म्हणाली, "ते लिहिलेलं नाही हो."

बाहेर रस्त्यावर येऊन बाईंनी मोबाइल लाविला आणि एवढेच बोलिल्या, "हात दाखवा." पडद्यावरचे मुख बाजूस सरले. मग हात वर आला. बाई पाहत राहिल्या. ते म्हणाले, "बाळाचं मला त्यांनी सांगितलं, केतकी. परक्या माणसाने." बाई म्हणाल्या, "तुमचंही त्यांनीच." मग ते म्हणाले, "मुलगा होता की मुलगी?" बाई म्हणाल्या, "तीन महिन्यांचं कळत नाही हो." आणि भर दुपारी येणाऱ्या जाणाऱ्या लोकांत खाली बसल्या.

परवाना नामंजूर जाहला. बुवांनी फेरअर्ज धाडिला की आता उभयतांस सर्व ठाऊक आहे, पुन्हा पुसावे. उत्तर आले की, जबानीच्या दिवशी जे ठाऊक नव्हते ते मागाहून ठाऊक जाहले म्हणोन लग्न मागाहून खरे होत नाही. सदानंदरावांनी इकडे यावे तर मृदंगास हात नाही, तिकडे राहावे तर घरास बाई नाही. ते तिकडेच राहिले. आता रोज बोलतात, आणि "बरी आहे" ऐसे बाई म्हणत नाहीत.

येणेप्रमाणे मजकूर जाहला. लोभ होता म्हणोन लपविले, लपविले म्हणोन अंतरले. श्रोतयांनी दोष ज्यास द्यावा त्यास द्यावा. हरी उभयतांस एका छताखाली आणो.