हवेतलाही धरायचा

लिफ्टमध्ये चौथ्याऐवजी पाचव्या मजल्याचं बटण दाबलं गेलं, तर तुम्ही-आम्ही जीभ चावतो आणि चौथ्याचं दाबतो. आमचे शेजारी खंडोजीअण्णा तसं करत नाहीत. ते लिफ्टमधल्या सगळ्यांकडे वळतात आणि गंभीरपणे म्हणतात, "माझा एक धरा." मग निमूट पाचव्या मजल्यावर उतरून एक जिना चालत खाली येतात. गुडघे ठणकत असले तरी येतात. दंड म्हणजे दंड.

सर्जापूर रोडवरच्या या बिल्डिंगमध्ये मी नवीन राहायला आले तेव्हा मला वाटलं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय. नंतर कळलं, डोकं ठीक आहे, गोल्फ खेळतात. मी कोल्हापूरची. मला या दोन्हींत फारसा फरक दिसला नाही. आमच्याकडे खेळ म्हणजे कुस्ती, नाहीतर फुटबॉल. समोर पाडायला कुणीतरी माणूस पाहिजे की नको? इथे एकटा माणूस काठी घेऊन चेंडूमागे चार तास उन्हात चालतो, आणि तरी हरून घरी येतो!

अण्णांचं घराणं बेंगळुरूतलं जुनं. "आमचे लोक चारशे वर्षांमागे घोड्यावरून आले. तू परवा विमानातून आलीस," हे मला महिन्यातून एकदा तरी ऐकवतात. त्यांच्या मराठीत कन्नड इतकं मिसळलंय की मला सुरुवातीला अर्ध्या गोष्टी उलट्याच कळायच्या. टीव्हीवर गोल्फची मॅच असली की मला बोलावतात. मॅच बघताना चपला दाराबाहेर आणि आवाज कुजबुजीचा, कारण तिकडे खेळाडूचं लक्ष विचलित व्हायला नको. कुणाचा चेंडू तळ्यात गेला की कळवळून म्हणतात, "अय्यो, पाप!" मी कित्येक दिवस समजत होते की पाण्यात चेंडू पाडणं हे या खेळात पाप असावं. मग आमच्या भाजीवाल्या अक्कानं सांगितलं, कन्नडमध्ये 'पाप' म्हणजे 'बिचारा'.

अण्णांनी पस्तीस वर्षं एका सरकारी कारखान्यात काढली. कारखान्याच्या वसाहतीमागे नऊ होलचं मैदान आहे, दोनदा फिरलं की अठरा होतात. साहेब लोक खेळायचे ते बघून अण्णा शिकले. शिकले म्हणजे काय, चाळीस वर्षं दर रविवारी खेळूनही अठरा होलना त्यांना शंभराच्या वर फटके लागायचे. एकशे चार, एकशे नऊ, एकदा तर एकशे एकवीस. आयुष्यात एकदा शंभराच्या आत यायचं, एवढीच त्यांची इच्छा. चांगले खेळणारे म्हणे ऐंशीत उरकतात. पण बरोबर खेळणारे मित्र एकेक करून मुलांकडे परदेशी गेले, आणि फटके मोजायला दुसरं कुणी लागतं. कार्डावर दुसऱ्याची सही नसेल तर अण्णा स्वतःचा खेळ खेळ मानत नाहीत.

"रविवारी मोजायला येतेस का गं?" असं त्यांनी मला दोन वर्षांत किती वेळा विचारलं असेल! आणि मी बया दर वेळी काहीतरी सांगायची. इलेक्ट्रॉनिक सिटीतलं ऑफिस आठवडाभर पिळून घेतं, रविवारी झोपू द्या. पाहुणे आहेत. केस धुवायचेत. ते म्हणायचे, "सरी, सरी," म्हणजे बरं, बरं. आज आठवलं की माझी मलाच लाज वाटते.

गेल्या महिन्यात डॉक्टरांनी गुडघ्याचं ऑपरेशन ठरवलं आणि त्यानंतर काठी फिरवायची नाही म्हणून बजावलं. ऑपरेशनच्या आधी एकच रविवार उरला होता. त्या रविवारी मी न विचारता सहाला त्यांच्या दारात उभी राहिले.

मैदानावर पोचल्यावर अण्णांनी बॅगेच्या खिशातून खणाची एक जुनी पिशवी काढून माझ्या हातात दिली. आत चिंचोके! "फटक्याला एक चिंचोका कनवटीतून या पिशवीत टाकायचा. आमची सुंदराक्का असंच मोजायची." सुंदराक्का म्हणजे त्यांची बायको. तीन वर्षांपूर्वी वारली, मी तिला फक्त फोटोत पाहिलंय. मला कनवटी कुठली, मी जीन्सच्या खिशात चिंचोके भरले.

तिसऱ्या होलला अण्णांनी जोरात काठी फिरवली आणि चेंडू होता तिथेच राहिला. मी बुचकळ्यात पडले. "हा धरायचा?"

"धरायचा! मारायचं मनात होतं ना? मग झाला फटका. हवेतलाही धरायचा."

"चेंडूला तर लागलंच नाही!"

अण्णा पुन्हा चेंडूपाशी उभे राहिले. मग म्हणाले, "तीही हेच म्हणाली होती," आणि काठी उचलली.

नऊ होल झाल्यावर आम्ही पर्जन्यवृक्षाखाली डबा उघडला तेव्हा मी खोदून विचारलं. बारा वर्षांपूर्वी याच मैदानावर सुंदराक्कानं मोजलं आणि कार्डावर नव्याण्णव आले. कँटीनमध्ये मैसूरपाक मागवला गेला. आठ-दहा जणांनी पाठ थोपटली. अण्णांनी कार्ड पुन्हा बघितलं आणि त्यांच्या लक्षात आलं की सातव्या होलचा हवेतला फटका तिनं मोजलाच नव्हता. "चेंडूला लागलं नाही, मग मारलं कुठे?" ती हसत म्हणाली. अण्णा सगळ्यांसमोर उभे राहिले आणि म्हणाले, "हे खोटं आहे. हिनं माझ्या नावावर खोटं लिहिलंय." कार्ड तिथल्या तिथे फाडलं.

"मग?"

"मग काय. तिनं सगळ्यांच्या बशा उचलल्या. परत कधी मैदानावर आली नाही. नऊ वर्षं दर रविवारी डबा मात्र देत होती. यातलं मेतकूट तिच्याच हिशेबानं केलंय बघ."

माझ्या तोंडून "अय्यो, पाप" निघालं. ते मराठीतलं होतं की कन्नडमधलं, माझं मलाच कळलं नाही.

दुसऱ्या फेरीत अण्णा असे काही खेळले की माझ्यासारखीलाही कळावं. गुडघ्याला पट्टा, तोंडानं "स्वल्प थांब, स्वल्प थांब" असं चेंडूला सांगणं, आणि चेंडू चक्क ऐकत होता! शेवटच्या होलमध्ये तो टुपकन पडला तेव्हा मी खाली फतकल मारून चिंचोके मोजले. पुन्हा मोजले. तिसऱ्यांदा दहा-दहाचे ढीग करून मोजले.

"अण्णा, नव्याण्णव! हवेतला धरून नव्याण्णव!"

मी इतकी ओरडले की माळी पाइप टाकून धावत आला. अण्णा हलले नाहीत. काठीवर दोन्ही हात ठेवून उभे राहिले. मग शर्टाच्या खिशातून पाकीट काढलं आणि त्यातून एक पिवळं पडलेलं कार्ड. चार तुकडे मागून चिकटपट्टी लावून जोडलेले. खाली वळणदार अक्षरात सही, सुंदराबाई.

"अजून एक चिंचोका टाक," अण्णा म्हणाले.

"कशाचा?"

"तिच्या कार्डावरचा राहिलेला. तो इथं धर. म्हणजे तिचे नव्याण्णव खरे होतात."

"अहो, चाळीस वर्षं कशासाठी मरत होतात? आणि मी खोटं लिहू? तुमच्या कार्डावर?"

"कमी लिहिलं तर बाद करतात. जास्त लिहून सही केली तर तेच धरतात. पुस्तकात आहे." नियम सांगताना त्यांचा आवाज नेहमीसारखा ठणठणीत होता. "नव्याण्णव एकदाच झाले. तिनं मोजले तेव्हा."

मी पिशवीत एक चिंचोका टाकला आणि कार्डावर शंभर लिहून सही केली. माझी सही वाकडी आली. दोन्ही कार्डं त्यांनी एकावर एक ठेवून पाकिटात घातली.

गाडीकडे चालताना मला राहवलं नाही. "अण्णा, तुम्ही तिची माफी मागितली होती?"

त्यांनी बॅग दुसऱ्या खांद्यावर घेतली. "त्याच रात्री जेवताना तोंड उघडलं होतं. शब्द अगदी इथपर्यंत आले. आणि म्हणालो काय, तर ताक वाढ. मग रोजच ताक वाढ."

काहीतरी बरं बोलायला हवं म्हणून मी म्हटलं, "पण मनात होतं ना? मग झालं. हवेतलाही धरायचा, तुमचाच नियम आहे."

अण्णांनी खणाची पिशवी माझ्या हातातून घेतली, तिची नाडी नीट आवळली.

"माझा नियम गं," ते म्हणाले. "ती हवेतले धरत नव्हती."